आधी पाणी, मग तेल

काळी दारू पेटली की तिचा निम्म्याहून कमी भाग वायू होतो. बाकीचा घनरूपातच राहतो. त्यातला काही धुराबरोबर तोंडावाटे बाहेर पडतो, उरलेला नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो. तोंडाकडून भरायच्या ठासणीच्या बंदुकीची सगळी कटकट या एका गोष्टीतून निघते. १८७५ मध्ये अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी बंद पोलादी भांड्यात दारू पेटवून केलेले प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. त्यांच्या मोजमापात घन अवशेष वजनाने सुमारे ५७ टक्के भरला आणि वायू सुमारे ४३ टक्के. म्हणजे आपण ज्याला ‘बार’ म्हणतो, त्यातला अर्ध्याहून जास्त माल गोळी ढकलायच्या कामी येतच नाही. तो मळ होतो.

आकडा थोडा जवळ आणू. १८५३ सालच्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीत एका बाराला अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ४.४ ग्रॅम दारू लागे. त्यातून अडीच ग्रॅमच्या आसपास घन पदार्थ तयार होणार. वीस बार काढले की पन्नास ग्रॅम. सगळा आत राहत नाही, हे खरे. पण राहतो तेवढाही गोळी अडवायला पुरतो. बाजारात मिळणारी साफसफाईची नाना रसायने विकत घेण्याआधी हा हिशेब डोक्यात ठेवावा, कारण हा मळ, ही काजळी, निष्काळजीपणाने येत नाही. कितीही हुशार माणसाने बार भरला तरी ती येणारच. ती किती चिकटू द्यायची, मऊ ठेवायची की कडक होऊ द्यायची, आणि शेवटी केव्हा काढायची, एवढेच आपल्या हातात असते.

या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे. ती मासवणमध्ये बसून लिहिली, याला कारण आहे. पालघर तालुक्यातले हे गाव सूर्या नदीच्या काठी आहे. वर धामणी आणि कवडासची धरणे, खाली वैतरणा, पश्चिमेला समुद्र. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडते आणि जून ते सप्टेंबर घरातल्या मिठाच्या बरणीचे झाकण उघडे राहिले तर मीठ ओघळू लागते. काळ्या दारूच्या मळाचा स्वभाव त्या मिठासारखाच आहे. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, काही सल्फाइडे आणि न जळलेला कोळसा असतो. यांतले कार्बोनेट हवेतली ओल ओढून घेते, इतकी की पुरेशा दमट हवेत ते स्वतःच विरघळते. नळीत रात्रभर राहिलेली काजळी सकाळी ओलसर, काळपट चिकट लगद्यासारखी दिसते ती यामुळे. त्या लगद्याखाली लोखंड असते, आणि गंजाला याहून सोयीची जागा मिळायची नाही. सल्फाइडांचा सडक्या अंड्यासारखा वास नळी धुताना नाकात जातो, तो तर ओळखीचाच.

पण दमट हवेचा एक फायदाही आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. ओलसर काजळी मऊ राहते. मऊ काजळीवरून पुढची गोळी ठासायच्या गजाने खाली सरकवता येते. उलट एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी, विशेषतः घाटमाथ्यापलीकडे, तीच काजळी दोन-तीन बारांतच पापुद्रा धरते आणि दगडासारखी कडक होते. मग गज अर्ध्यावर अडतो. एकोणिसाव्या शतकातले लांब पल्ल्याचे नेमबाज दोन बारांच्या मध्ये नळीत तोंडाची वाफ फुंकायचे. त्यासाठी त्यांच्याकडे खास फुंकनळी असे. श्वासातल्या ओलाव्याने काजळी मऊ पडते, एवढाच त्यामागचा विचार. ठासणीच्या बंदुकीच्या तोंडाशी मात्र स्वतःचे तोंड कधीही न्यायचे नाही. ती युक्ती मागून उघडणाऱ्या बंदुकांची होती.

आता जुन्या काळाकडे. बंदूक भरायला सोपी हवी की नेमाला अचूक, हा वाद सोळाव्या-सतराव्या शतकापासून चालत आला, आणि त्याचा निर्णय काजळीने केला. ब्रिटिश फौजेची ‘ब्राउन बेस’ या नावाने ओळखली जाणारी बंदूक घ्या. तिच्या नळीचा व्यास ०.७५ इंच आणि गोळी सुमारे ०.६९ इंच. मध्ये दीड मिलिमीटर मोकळी जागा. ही ढिलाई मुद्दाम होती. गोळी नळीत घट्ट बसवली तर पहिले दोन बार उत्तम जातील आणि पाचव्यापासून गज ठोकायची वेळ येईल. लढाईत शत्रू पन्नास पावलांवर असताना तसे करायला कोणाला सवड नसते. म्हणून सैन्याने अचूकपणा सोडला आणि वेग घेतला. गोळी नळीत इकडेतिकडे आपटत जाई, कुठेही लागे, पण भरता येई.

आपल्याकडच्या तोडेदार, म्हणजे पेटत्या वातीने बार काढायच्या बंदुकांची गत याहून वेगळी नव्हती. त्यांत काजळीचा पहिला फटका नळीला न बसता कानाला, म्हणजे आग आत नेणाऱ्या बारीक भोकाला बसे. कानाशी ठेवलेली पेटवणीची दारू, म्हणजे रंजक, पेटे, पण कान बुजलेला असल्याने आग आत पोचत नसे. म्हणून बऱ्याच जुन्या तोडेदार बंदुकांवर कान टोचायची बारीक सळई साखळीने लटकवलेली दिसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी अशी शस्त्रे बघायला गेलात तर नक्षीआधी ती सळई शोधा. कारागिराला काजळीचा किती विचार करावा लागत होता ते तिथे दिसते.

मासवणपासून फार लांब नसलेल्या तारापूरच्या किल्ल्यावर जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी हल्ला केला. मराठा सरदार बाजी भीवराव रेठरेकर तिथे कामी आले. हा हल्ला चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेतला; ती १७३७ मध्ये सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर संपली. या उत्तर कोकणात मोहीम चालवायची म्हणजे पावसाळा धरूनच बेत करावा लागे. भिजलेला तोडा पेटत नाही आणि ओली दारू बार देत नाही, हे शिपायाला पुस्तकाशिवाय कळे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या ग्रंथात, किल्ल्यांच्या प्रकरणात हा व्यवहार नेमका मांडला आहे: दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, ठरावीक दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून उन्हे दाखवावी, पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे कान मेणाने बुजवावेत. लोखंड, ओल, तेल, मेण. तीनशे वर्षांपूर्वीची ही यादी आजही एका शब्दाने बदलायची गरज नाही. फक्त एक गोष्ट तिच्या आधी घालावी लागते, ती पुढे येईल.

नळीत पेचदार खाचा पाडल्या की गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते, हे युरोपात फार आधीपासून ठाऊक होते. अडचण पुन्हा तीच. खाचांत पकडून बसायची तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी काजळीतून खाली जात नाही. शिकारी लोकांनी यावर तोडगा काढला तो वंगण लावलेल्या चिंधीचा. गोळी नळीपेक्षा किंचित लहान, तिच्याभोवती चरबी किंवा तेल लावलेले कापड. कापड खाचांत बसते, गोळीला फिरकी देते, आणि खाली जाताना मागच्या बाराची काजळी पुसूनही नेते. हा तोडगा उत्तम आहे, आजही आहे. पण तो सावकाश कामाचा. रांगेत उभ्या शिपायाच्या तो कामाचा नव्हता.

सैन्याचे कोडे सोडवले ते क्लोद एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळीने, १८४९ च्या सुमारास. गोळी लांबट, बुडाशी पोकळ, नळीपेक्षा लहान. भरताना सहज खाली जाते. बार पेटला की वायूच्या दाबाने बूड फुलते आणि खाचांत घट्ट बसते. इंग्रजांची एनफिल्ड याच तत्त्वावर चालली. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. मध्ये उरलेली फट जेमतेम पाव मिलिमीटर. ब्राउन बेसच्या दीड मिलिमीटरशी ताडून पाहा. एवढ्या बारीक फटीतून काजळी असताना गोळी खाली न्यायची तर वंगण लागणारच. म्हणून काडतुसाच्या ज्या टोकाला गोळी होती तिथल्या कागदाला चरबी आणि मेण यांचे मिश्रण लावलेले असे. शिपायाने काडतूस दातांनी फाडायचे, दारू ओतायची, मग वंगणाच्या कागदासकट गोळी उलटी करून नळीत घालायची आणि वरचा जादा कागद फाडून टाकायचा.

पुढची कथा प्रत्येक मराठी शाळेत शिकवली जाते. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदमला बोलणे सुरू झाले की ही चरबी गायीची आणि डुकराची आहे. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेने बंड केले, आणि पुढे सत्तावन्नचा उठाव. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच साली उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात काडतुसांची ही हकीकत त्यांच्या कानी आली तशी येते. पुस्तक छापून आले १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या हातून. शाळेत एक मात्र शिकवत नाहीत: मुळात चरबी लावलीच कशाला? उत्तर काजळी हे आहे. उठावाची कारणे जमीन, संस्थाने, पगार, धर्म अशी अनेक होती, आणि काडतूस हे एकमेव कारण मानणे इतिहासावर अन्याय होईल. तरी त्या चरबीचे तांत्रिक कारण हेच होते.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट पुढची. सरकारने घाईघाईने हुकूम बदलले: काडतुसे कोरडी द्यावी, शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे वंगण लावावे, दाताऐवजी बोटाने फाडावे. शिपायांचा विश्वास गेला होता, तो परत आला नाही. पण उठाव मोडण्याच्या लढायांत गोऱ्या पलटणींनाही त्याच रायफलीने त्रास दिला. हिंदुस्थानच्या उन्हात चरबी वितळे, कागदात मुरे, गोळी कोरडी राही, काजळी कडक होई आणि गोळी अर्ध्यावर अडकून बसे. पुढे गोळीचा व्यास ०.५५० इंचांवर आणला, म्हणजे फट जवळजवळ पाऊण मिलिमीटर झाली, आणि वंगणात चरबी कमी करून मेण वाढवले. मेणाचा वितळबिंदू चरबीपेक्षा वरचा. म्हणजे पुन्हा ‘आज्ञापत्रा’तलीच एक वस्तू.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय यांनी फ्रान्समध्ये बिनधुराची दारू यशस्वी केली आणि सैन्यांनी काळ्या दारूला रामराम केला. इथे एक सूचना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लागू आहे: काळ्या दारूसाठी बांधलेल्या नळीत बिनधुराची दारू, थोडीसुद्धा, मिसळूनसुद्धा, घालायची नाही. काजळी कमी होईल या आशेने असे करणाऱ्यांच्या नळ्या फुटल्या आहेत, आणि बोटेही गेली आहेत.

मग ठासणीची बंदूक आज कोणाकडे आहे? जगात हौशी नेमबाजांकडे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या छोट्या गावी १९३३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचे मैदान आहे. आपल्याकडे ती आहे शेतकऱ्याकडे, आणि तीही कायद्यामुळे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात शेतीच्या खऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा सांगितला आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणून जगाने दीडशे वर्षांपूर्वी सोडलेले हे तंत्र कोकणातल्या घरांत अजून भिंतीवर टांगलेले दिसते. रानडुकरांनी भाताचे शेत तुडवले की बार काढला जातो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला वेगळी परवानगी लागते. बरेचसे बार हवेत, आवाजासाठीच असतात.

या शेतीच्या बंदुकीची नळी गुळगुळीत. खाचा नाहीत, गोळीऐवजी बहुधा छर्रे, आणि एका रात्रीत बारही फार तर दोन-तीन. त्यामुळे भरताना काजळी आडवी येण्याचा प्रश्न तिच्यात जवळजवळ नाही, म्हणून मालकाला काजळी हा प्रश्नच वाटत नाही. इथेच बंदुका मरतात. ऑक्टोबरच्या रात्री बार काढला, बंदूक खुंटीला टांगली, पुढचा बार आठवड्याने. मधले सात दिवस ओल ओढणारा क्षार नळीच्या तळाशी बसलेला. भर म्हणून टोपी, म्हणजे घोडा पडताच फुटून बार पेटवणारी. जुन्या पद्धतीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळून पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे लोखंडाच्या दृष्टीने मीठच. ते निपलमध्ये, म्हणजे टोपी बसते त्या नळकांडीत, आणि कानात जाऊन बसते. पुढच्या वेळी घोडा पडतो, टोपी फुटते, बार होत नाही.

निवडणुकीच्या हंगामात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ अनेकांवर येते. जमा करताना आतून मळलेली बंदूक दोन महिन्यांनी परत येते ती लालसर तांबूस होऊन. ठाण्याला दोष देणे सोपे आहे. बार काढल्या रात्री नळी धुतली असती तर ती त्याच खोलीत त्याच दोन महिन्यांत तशीच राहिली असती.

आता ‘आज्ञापत्रा’च्या यादीआधी घालायची ती गोष्ट. पाणी. लोखंडाला पाणी लावायचे नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, आणि म्हणून बहुतेक माणसे बार काढल्यावर नळीत थेट तेल ओततात. काळ्या दारूचा मळ क्षारांचा आहे. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. तेल वरून पसरते, खाली क्षार आणि ओल तशीच झाकून ठेवते. गाडीचे किंवा मशीनचे खनिज तेल तर काजळीत मिसळून डांबरासारखा राप धरते आणि मग तो खरवडावा लागतो. म्हणून आधी पाणी, थोडा साबण घालून. मग स्वच्छ पाणी. मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, शेवटची पांढरी निघेपर्यंत. आणि त्यानंतरच तेल. पाणी कोमट पुरते. उकळते पाणी घातले तर नळी लवकर सुकते हे खरे, पण गरम लोखंडावर तांबूस गंजाची पातळ साय क्षणात येते, आणि ती काढताना दुप्पट चिंध्या लागतात.

बाराबाराच्या मधली सफाई वेगळी. तिथे नळी धुवायची नसते, काजळी फक्त मऊ करून वर ओढायची असते. चिंधी ओली नको, दमट हवी, पिळून घेतलेली. ओली चिंधी तळाशी पाणी सोडते आणि पुढचा बार फुसका जातो. दमट चिंधीचा दुसरा उपयोग जिवाचा आहे: आत धुमसणारी ठिणगी राहिली असेल तर ती विझते. शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही, मापातूनच ओतायची, ही सक्ती याच ठिणगीसाठी आहे.

वंगणाबद्दल लोकांची मते ठाम असतात. माझे मत असे की मेण आणि खोबरेल किंवा मेण आणि तूप या जोडीला इथल्या हवेत फारसा पर्याय लागत नाही. उन्हाळ्यात मेण वाढवा, पावसाळ्यात कमी करा. जवसाचे तेल नको. ते हवेत सुकून राळ होते, लाकडी दस्त्याला ते चांगले, नळीत नव्हे. रायफलीच्या चिंधीला हे वंगण लावले की काजळी मऊ राहते. छऱ्यांच्या बंदुकीत दारूवर घालायच्या बुचाला थोडे लावले तरी फरक पडतो, फक्त दारूला लागता कामा नये.

दारूही महत्त्वाची. बारीक, सारख्या दाण्याची, कोरडी दारू अधिक पुरी जळते. ओल धरलेली, गुठळ्या झालेली दारू काजळी वाढवते आणि जोरही घालवते. कोळसा कोणत्या लाकडाचा यावरही पुष्कळ अवलंबून असते. आपल्याकडे तुरीच्या काठ्यांचा आणि रुईचा कोळसा त्यासाठी नावाजलेला होता. यापुढे या पुस्तिकेत दारू बनवण्याबद्दल अवाक्षर नाही. ते काम परवानाधारक कारखान्याचे आहे.

गज हे मोजमापाचे साधनही आहे, हे पुष्कळांना सुचत नाही. रिकाम्या नळीत गज सोडून तोंडाशी एक खूण करावी. नेहमीचा बार भरून झाल्यावर दुसरी. पहिल्या खुणेवरून बंदूक रिकामी आहे की भरलेली ते दर वेळी कळते, आणि धुवायला घेण्याआधी ते बघायचेच. दुसरी खूण काजळीची चुगली करते. ती नळीच्या तोंडाबाहेर बोटभर राहिली तर गोळी दारूवर टेकलेली नाही, मध्येच काजळीत अडकली आहे. अशा पोकळीवर बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते.

शेवटी निपल. तो दर सफाईला काढून पाण्यात टाकावा, बारीक तारेने टोचावा, आट्यांना तेलाचे बोट लावून परत बसवावा. आणि तेल लावून टांगलेल्या बंदुकीत दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी पांढरी चिंधी घालून बघावी. ती तांबूस निघाली तर आदल्या दिवशी क्षार राहिला होता. पुन्हा पाणी, पुन्हा कोरडे करणे, पुन्हा तेल. जुलै-ऑगस्टमध्ये मासवणसारख्या ठिकाणी तिसऱ्या दिवशीही बघावे. बार काढण्याआधी मात्र नळीतले तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून घ्यायचे आणि निपलवर नुसती टोपी उडवून वाट मोकळी आहे का पाहायचे, नाहीतर पहिला बार तेलात भिजून जातो.